क्रॉलस्पेस : इन्सुलेशन सगळ्यात शेवटी

सिॲटलच्या आसपास, बॉथेल, रेडमंड, समामिश, इसाक्वा या भागांत घर बघताना आपली माणसं शाळा बघतात, ऑफिसचं अंतर बघतात, देवघर कुठे बसेल तेही बघतात. घराच्या खाली मात्र कोणी डोकावत नाही. गावाकडच्या घराचं जोतं मुरूम-दगडाने भरलेलं, इथल्या बऱ्याच घरांचं पोकळ. काँक्रीटच्या बुटक्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर आपली जमीन आणि खाली रांगतच जावं लागेल अशी मातीची जागा, म्हणजेच क्रॉलस्पेस. तिथे उतरायचं झाकण बहुधा कपाटातल्या कार्पेटखाली सापडतं.

इथे बरीच वर्षं काढलेल्या घरांशी बोलून हे लिहिलं आहे. मतं पुष्कळ ठिकाणी जुळली नाहीत. कामाच्या क्रमाबद्दल मात्र एकाही घराचं दुमत नव्हतं.

थंडीत पाय गार पडतात, हीटिंगचं बिल फुगतं, म्हणून कोणाला तरी खाली पाठवावं तर इन्सुलेशनच्या फायबरग्लास गाद्या लोंबताना दिसतात आणि त्यांत उंदरांनी केलेले बोगदे. नव्या गाद्या लावून देतो, असं कंत्राटदार सांगतो. तेवढंच केलंत तर पुढच्या हिवाळ्यात उंदरांची सोय तेवढी अधिक मऊ झालेली असते.

म्हणून आधी भोकं. मोठ्या उंदराला अर्धा इंच फट पुरते, छोट्या उंदराला पाव इंचही. भिंतीतल्या झरोक्यांची जाळी गंजलेली असते. तिथे पाव इंची गॅल्व्हनाइज्ड जाळी स्क्रूने बसवून घ्या, स्टेपलवर विसंबू नका. एसीची, गॅसची, पाण्याची नळी जिथून आत शिरते ती प्रत्येक जागा तपासा. नुसता फोम मारून गेलेल्या माणसाला पैसे देऊ नका, कारण फोम उंदीर सहज कुरतडतात. आत तांब्याची जाळी दाबून वरून सिमेंट किंवा सीलंट लावलं तर टिकतं. जुन्या घरांत तोंड उघडं राहिलेला, वापरात नसलेला ड्रेनेजचा पाइप हीसुद्धा त्यांची वाट असते. मग चाप लावा आणि काही आठवडे एकही उंदीर सापडला नाही की पुढे जा. विषाच्या गोळ्यांना बहुतेकांचा विरोध आहे : उंदीर भिंतीत मरतो आणि तो वास पाहुणे आले तरी जात नाही.

बाहेरचंही बघा. पाखरांना घातलेले दाणे, गॅरेजमध्ये कागदी पोत्यात ठेवलेला तांदूळ, भिंतीला चिकटून वाढलेली आयव्ही. धान्य झाकणाच्या डब्यांत गेलं पाहिजे, असं सगळ्या काकूंचं ठाम म्हणणं.

उंदीर गेल्यावरची सफाई शक्यतो माणसं लावून करा. स्वतः करणार असाल तर लेंड्या झाडू नका, साध्या व्हॅक्यूमने ओढू नका. उंदरांच्या विष्ठेची धूळ श्वासात गेल्याने हंताव्हायरस होऊ शकतो. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असं ताजं मिश्रण शिंपडून पाच मिनिटं भिजू द्या, मग पुसून घ्या. हातमोजे आणि चांगला रेस्पिरेटर हवाच. घर १९८० च्या आधीचं असेल आणि डक्टच्या सांध्यांवर पांढरी पट्टी दिसली, तर चाचणी होईपर्यंत तिला हात लावू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

पाणी. ऑगस्टमध्ये घर घेतलंत तर खालची माती कोरडी ठणठणीत दिसेल. खरी परीक्षा जानेवारीत. पन्हाळीचं पाणी पायाजवळ पडत असेल तर आधी ते लांब न्या. मातीवर सहा मिलचं काळं प्लास्टिक, सांध्यांना फूटभर एकावर एक, भिंतीपर्यंत. बांधकामाच्या वेळी टाकलेले लाकडाचे तुकडे उचलून घ्या, ओल्या लाकडाला कार्पेंटर मुंग्या आणि वाळवी लागते. ‘सगळं सीलबंद करून देतो’ म्हणणाऱ्यांचा आकडा ऐकून घाबरू नका. झरोके चालू आहेत, माती झाकलेली आहे आणि पाणी साचत नाही, अशा घराला त्याची गरज क्वचितच असते, असं आमचं मत.

आता गाद्या. राज्याच्या सध्याच्या नियमांत नव्या घराच्या जमिनीला आर-३० एवढा उष्णतारोध धरतात. जुन्या तुळया उथळ असतील तर जागा असेल तेवढीच जाडी घ्या, कोंबून बसवलेली गादी कमी काम करते. गादी वरच्या लाकडाला टेकलेली हवी, मध्ये पोकळी राहिली तर थंड हवा तिथून फिरते. कागद लावलेली बाजू वर, म्हणजे घराकडे. ही उलटी लावलेली घरं आम्ही पाहिली आहेत. डक्टच्या फटी मॅस्टिकने बुजवणं आणि पाण्याच्या नळ्या गुंडाळणं याच वेळी उरकून घ्या.

कंत्राटदाराची नोंदणी राज्याच्या लेबर अँड इंडस्ट्रीज खात्याच्या साइटवर फुकट तपासता येते. दारावर आलेल्या विक्रेत्याच्या कागदावर सही केलीत, तरी कामकाजाच्या तीन दिवसांत ती रद्द करण्याचा हक्क केंद्रीय नियमाने दिलेला आहे. केंद्राची इन्सुलेशनवरची करसवलत २०२५ अखेर संपली, त्यामुळे तिचं आमिष दाखवणाऱ्याला जपून. वीज-गॅस कंपनीची सूट मात्र काम ठरवण्याआधी विचारा. आणि शेवटचा हप्ता द्यायच्या आधी प्रत्येक झरोक्याचा आणि प्रत्येक कोपऱ्याचा फोटो मागा. शक्य असेल तर टॉर्च घेऊन स्वतः खाली जा.