‘देवाची इच्छा’ म्हणण्याआधी



२० ऑक्टोबर २०११ च्या रात्री मुंबईत, अंधेरीच्या आंबोली भागात किनन सँटोस आणि रुबेन फर्नांडिस हे दोन ख्रिस्ती तरुण मित्रमैत्रिणींसह जेवून हॉटेलबाहेर उभे होते. बरोबरच्या मुलींची एकाने छेड काढली, यांनी त्याला हटकले. तो गेला आणि साथीदार व चाकू घेऊन परत आला. चोवीस वर्षांचा किनन त्याच रात्री गेला. रुबेन झुंजत राहिला आणि ३१ ऑक्टोबरला गेला. एका घरात शोक सुरू झाला, तेव्हा दुसऱ्या घरात अजून आशा होती.

अशा घरी आपण भेटायला जातो आणि काही सुचले नाही की म्हणतो, ‘देवाची इच्छा, दुसरे काय!’ हेतू चांगला असतो, पण ही ख्रिस्तसभेची शिकवण नव्हे. देवाने माणसाला स्वातंत्र्य दिले आहे, म्हणून त्याचा गैरवापरही तो घडू देतो. घडू देणे आणि इच्छिणे यांत मोठा फरक आहे. ज्याने पाचवी आज्ञा दिली, तो खुनाची इच्छा कशी करील? हा तत्त्वज्ञानाच्या वर्गातला मुद्दा वाटेल. त्या आईला तो तसा वाटत नाही. ज्याच्यापाशी तिने रडायचे, त्यालाच आपण तिच्यासमोर आरोपी करून ठेवतो.

पवित्र शास्त्रातील रिस्पा आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल (२ शमुवेल, अध्याय २१). शौल राजाच्या अपराधाची भरपाई म्हणून तिचे दोन मुलगे मारले गेले. तिने खडकावर गोणपाट अंथरले आणि सातूच्या कापणीपासून पाऊस पडेपर्यंत, पाखरे आणि जनावरे हाकलीत, ती प्रेतांपाशी बसून राहिली. शास्त्र तिच्या तोंडी एक शब्दही घालत नाही. दाविदाच्या कानी हे गेले, तेव्हा कुठे त्या मुलांच्या अस्थी गोळा केल्या गेल्या. तिच्या शेजारी कोणी येऊन बसल्याचा मात्र उल्लेख नाही.

असे बसून राहणे आजच्या आईवडिलांच्या वाट्याला न्यायालयात येते. आंबोलीच्या खटल्याचा निकाल ५ मे २०१६ रोजी लागला, चौघांना जन्मठेप झाली. किननचे वडील व्हॅलेरियन सँटोस यांनी तोवर पाठपुरावा सोडला नव्हता. साडेचार वर्षे! साक्षी सुरू झाल्या की तीच रात्र पुन्हा पुन्हा ऐकायची. आपल्याकडे मात्र सातव्या दिवसाची आणि महिन्याची मिस्सा झाली की येणे-जाणे थांबते.

क्षमेच्या बाबतीतही आपण घाई करतो. धन्यवादित सिस्टर राणी मारिया यांना २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात भोसकून ठार मारण्यात आले. त्यांच्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल यांनी तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली, ती २००२ मध्ये. प्रवचनात ही गोष्ट सांगताना मधली सात वर्षे आपण गाळून टाकतो. दफनविधी होतो न होतो तोच ‘क्षमा केलीत का?’ असे विचारणाऱ्यांनी ती मोजावीत. शिवाय क्षमा केली म्हणून साक्ष द्यायची नाही, असेही नाही.

मुळशीत कोयता घरोघरी असतो, गवतासाठी आणि कुंपणासाठी. २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’ चित्रपटापासून आपल्या तालुक्याचे नाव भलत्याच अर्थाने घेतले जाते. आम्हाला ते रुचत नाही. पण पुणे परिसरात पोरसवदा मुलांच्या हाती कोयते सापडल्याच्या बातम्या काही खोट्या नाहीत. ही वेळ आपल्या एखाद्या शेजाऱ्यावर, मग तो ख्रिस्ती असो वा नसो, येणारच नाही असे धरून चालता येत नाही.

खुनाचा खटला पौडला नव्हे, पुण्यात शिवाजीनगरच्या सत्र न्यायालयात चालतो. सकाळी निघायचे, दिवसभर बाकावर थांबायचे आणि पुष्कळदा नुसती पुढची तारीख घेऊन परतायचे. त्या दिवशी धर्मग्रामातील कोणी तरी त्या आईवडिलांबरोबर जावे. डबा बरोबर न्यावा. बोललेच पाहिजे असे नाही. त्यांनी मुलाचा विषय काढला, तर तेवढा तो बदलू नये.