मुरूडचे बंदर

मुलांनो, आपल्या अमडापूरहून समुद्र फार दूर आहे. पण कधी कोकणात गेलात, तर रायगड जिल्ह्यातील मुरूडला एक रात्र मुक्काम कराच. पुष्कळ लोक गाडीतून उतरतात, घाईघाईने किल्ला पाहतात आणि लगेच निघतात. तुम्ही तसे करू नका.

मराठीत ‘बंदर’ म्हणजे माकड नव्हे हं! आपल्या उर्दूतील ‘बंदरगाह’ तेच मराठीतील बंदर. जवळच्या राजपुरी गावाच्या धक्क्यावरून शिडाची होडी निघते. वाऱ्याने शीड फुगते आणि समोर पाण्यातून वर आलेला तट दिसू लागतो. हाच जंजिरा. ‘जझीरा’ म्हणजे बेट, हा अरबी शब्द तुम्हांला उर्दूतून ठाऊक आहेच. त्यावरूनच हे नाव पडले. होडी अगदी जवळ जाईपर्यंत किल्ल्याचा दरवाजा दिसत नाही! सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना कधीच जिंकता आला नाही. १९४८ साली जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले.

चोहीकडे खारे पाणी, आणि किल्ल्यात मात्र गोड्या पाण्याचा तलाव! उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण पाहिलेल्या आपल्यासारख्यांचे पाय तिथेच थबकतात.

संध्याकाळी किनाऱ्यावर निवांत बसा, कोळ्यांच्या होड्या पाहा. पावसाळ्यात मात्र जाऊ नका. तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि किल्ल्याकडे होड्या जात नाहीत.