ट्रकचालकाच्या अपघाताची नोंद पूर्ण व्हावी

अवजड मालवाहू वाहनाचा चालक दिवसेंदिवस घरापासून दूर असतो. अपघात एका राज्यात घडतो, उपचार दुसऱ्या राज्यात होतात आणि कुटुंब तिसरीकडेच असते. त्यामुळे अपघाताची माहिती विखुरते व नोंद अपुरी राहते.

सन 2022 मध्ये देशात 4,61,312 रस्ते अपघातांत 1,68,491 व्यक्ती मृत्युमुखी पडल्याची नोंद आहे. धोक्याची ठिकाणे आणि अपघातांची कारणे अशाच नोंदींवरून ओळखता येतात.

नोंद कशी होते?

अपघातस्थळ ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते, ते ठाणे माहिती गोळा करून ‘ई-डार’ या संगणकीय प्रणालीत भरते.

काय निसटते?

• नंतरचा मृत्यू : अपघातानंतर 30 दिवसांच्या आत जखमी व्यक्ती दगावल्यास तो रस्ते अपघातातील मृत्यू गणला जातो. रुग्णास गावाकडे हलविले असल्यास ही माहिती मूळ ठाण्यास मिळेलच असे नाही.

• अपुरी झोप : मद्याचा अंश रक्ततपासणीत आढळतो, जागरण मात्र कोणत्याही रक्ततपासणीत दिसत नाही. ते सांगितले नाही, तर नोंदीत केवळ ‘चालकाची चूक’ एवढेच उरते.

आपण काय करावे?

1. अपघात होताच 112 या क्रमांकावर कळवावे.

2. रुग्णालयात ‘पडून लागले’ असे मोघम सांगू नये. वाहनाचा प्रकार, धडक कशाशी झाली आणि जखमी व्यक्ती चालक होती की क्लीनर, हे स्पष्ट सांगावे.

3. सलग किती तास वाहन चालविले, आदल्या रात्री किती झोप मिळाली, झोपेत मोठ्याने घोरण्याची सवय, मधुमेह, दृष्टिदोष व चालू औषधे ही माहिती डॉक्टरांना द्यावी. झोपेत श्वास अडखळण्याचा विकार उपचारांनी आटोक्यात येतो. तो दुर्लक्षित राहिल्यास पुन्हा डुलकी लागण्याचा धोका असतो.

4. गुन्हा नोंद क्रमांक, पोलीस ठाणे व अपघाताची तारीख लिहून ठेवावी. रुग्ण नंतर दगावल्यास त्याच ठाण्यास लेखी कळवावे.

दुःखाच्या प्रसंगी हे सारे सुचणे कठीण असते. म्हणून हे पत्रक घरात हाताशी ठेवावे आणि चालकाच्या पुढील फेरीपूर्वी सर्वांनी एकत्र वाचावे. आपल्या घरातील एक अचूक नोंद त्याच रस्त्याने जाणाऱ्या दुसऱ्या चालकाचा जीव वाचविण्यास साहाय्यभूत ठरू शकते.