आजीच्या हातचं निनावं: वजन, किंमत आणि विक्री

या आठवड्याच्या व्हिडिओत कॉस्टिंगचा भाग घाईत उरकला, म्हणून तो इथे सविस्तर देतोय. वही-पेन घेऊन बसा, आकडे आहेत.

बेकिंग म्हटलं की आपल्याला केक आणि क्रीम आठवतं. पण पेण-रोह्याच्या घरांत ओव्हन यायच्या कितीतरी आधीपासून बेकिंग चालू आहे. सीकेपी घरांत श्रावणात होणारं निनावं बघा. बेसन आणि थोडी कणीक तुपात भाजायची, नारळाचं दूध आणि गूळ घालून आटवायचं, वेलची-जायफळ घालायचं आणि मग पातेल्याखाली निखारे, झाकणावरही निखारे. वरून खरपूस, आतून मऊ. काकडीचं धोंडस कोकणात याच पद्धतीने व्हायचं. नानकटाईचं तर काय, घरून मैदा, तूप, साखर घेऊन गावातल्या बेकरीत जायचं आणि भट्टीतून भाजून डबा भरून आणायचा. हे तुमच्याही घरात कुणीतरी केलेलं असणार.

म्हणजे कौशल्य घरात आहे. अडचण अशी की ते कागदावर नाही. "बेसन किती घ्यायचं?" विचारलं तर आजी म्हणणार, "अगं, अंदाजाने!" आणि तो अंदाज आजींबरोबर गेला की गेला. धंदा राहू दे, घरातला श्रावणसुद्धा बदलतो. म्हणून पहिलं काम हे, बाकी सगळं नंतर.

आजींना प्रमाण विचारू नका. विचारलं की त्या गोंधळतात आणि आपल्याला बरं वाटावं म्हणून काहीतरी आकडा सांगतात. त्याऐवजी बेसनाचा डबा आधी काट्यावर ठेवा, वजन लिहा. आजींना नेहमीसारखं हाताने घेऊ द्या. डबा परत काट्यावर ठेवा. जो फरक आला ते आजींचं प्रमाण. गूळ, तूप, कणीक, सगळ्याला हेच. नारळाचं दूध मात्र मापाच्या भांड्यात मोजा, कारण नारळ लहान-मोठे असतात. भाजायला किती मिनिटं लागली, रंग कसा आला, त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. वेगवेगळ्या दिवशी तीनदा करा आणि सरासरी घ्या. शेवटी तयार वड्यांचं वजन करायला विसरू नका. कच्च्या मालाचं वजन आणि तयार मालाचं वजन एक नसतं, पाणी उडून जातं.

आता हिशोब. हे भाव फक्त उदाहरणासाठी, तुम्ही आपल्या बाजारातले घाला.

समजा एका ट्रेला बेसन 250 ग्रॅम, 25 रुपये. कणीक 100 ग्रॅम, 5 रुपये. गूळ 400 ग्रॅम, 28 रुपये. साजूक तूप 100 ग्रॅम, 70 रुपये. दोन नारळ, 80 रुपये. वेलची-जायफळ, 12 रुपये. झाले 220. ट्रेमधून 100 ग्रॅमच्या 12 वड्या निघाल्या असं धरू. म्हणजे वडीला साधारण 18 रुपये. इथेच बहुतेक जण थांबतात आणि 25 रुपयांना विकून खूश होतात, की सात रुपये सुटले!

थांबा. वीज किंवा गॅस 15, बॉक्स आणि लेबल 20, झाले 255. दोन ट्रेला मिळून दोन तास लागले आणि तासाला 80 रुपये धरले, तर एका ट्रेवर मजुरी 80. झाले 335. तुटफूट, करपलेली कड, चवीला दिलेली वडी यासाठी 17 ठेवा. एकूण 352. म्हणजे वडी 29 रुपयांच्या वर गेली. 25 ला विकणाऱ्याला मजुरी धरून प्रत्येक वडीमागे चार रुपये कमी पडतात.

भाव 45 ठेवला आणि दुकानदाराला 20 टक्के दिले, तर हातात 36 येतात, सुटतात साडेसहा-सात रुपये. थेट घरून विकलं तर पंधराच्या वर. "घरच्या कामाची कसली मजुरी" हे वाक्य मला वर्गात दर वेळी ऐकू येतं. उद्या ऑर्डर वाढली आणि मदतीला बाई ठेवली, तर ती पगार घेणारच ना? तो पगार आजच भावात हवा.

भाव जास्त वाटतोय म्हणून तूप काढून वनस्पती घालायचा मोह होईल. माझं मत स्पष्ट आहे, त्यापेक्षा वडी लहान करा. गिऱ्हाईक चवीला येतंय.

विकायचं कधी? पेणला श्रावण-भाद्रपदात गणपती न्यायला मुंबई-ठाण्याकडून किती गाड्या येतात ते तुम्ही बघताच. निनाव्याचा मोसम नेमका तोच. पेणचे पोहे-पापड घरच्या बायकांच्या हातूनच बाजारात गेले, त्याच पिशवीत निनाव्याचा एक बॉक्स बसायला काय हरकत आहे? फक्त एक लक्षात ठेवा, नारळाचा पदार्थ फार टिकत नाही. एका घाण्यातल्या काही वड्या बाहेर आणि काही फ्रिजमध्ये ठेवा, रोज एक वास-चव बघा, आणि बिघडायच्या बऱ्याच आधीची तारीख लेबलवर टाका. नानकटाई जास्त टिकते, पण आपल्या पावसात डबा उघडा राहिला की मऊ पडलीच.

एफएसएसएआय नोंदणीशिवाय विकू नका, घरून विकत असलात तरी. लहान व्यावसायिकासाठी साधी नोंदणी असते; 2011 च्या मूळ नियमांत तिच्यासाठी 12 लाखांपर्यंतची उलाढाल आणि वर्षाला 100 रुपये शुल्क असं होतं. मर्यादा आणि शुल्क बदलू शकतं, म्हणून अर्ज करताना फॉस्कॉस पोर्टलवर चालू आकडे बघा. लेबलवर 14 अंकी नंबर, घटक, निव्वळ वजन, तारखा आणि हिरवा ठिपका हवा.

आणि हो, बॉक्सवर आजींचं नाव किंवा फोटो टाकणार असाल तर आधी त्यांना विचारा, मग काकूंना आणि आत्यालाही. कृती सगळ्यांच्या घरात आहे. धंदा चालायला लागल्यावर "आमच्या आईचं नाव वापरलंस" हे ऐकण्यापेक्षा आजच एकत्र बसून ठरवा, नाव कुणाचं, काम कुणाचं, पैसे कसे वाटायचे. पानभर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

पुढच्या व्हिडिओत नानकटाईचं कॉस्टिंग घेऊ. तोपर्यंत घरातल्या एका पदार्थाचं वजन तीनदा करून ठेवा, तेच आकडे आपण वापरणार आहोत.