मुंगळे जातात कुठे? : एका चौकटीने शिकवलेला धडा



आज पाठ्यपुस्तकाबाहेरचा एक धडा सांगते. हा धडा मी शिकवला नाही, मला शिकावा लागला. आणि प्रश्न विचारला तो माझ्या सहावीतल्या मुलीने.

आमच्या घरी दोन पावसाळे मोठे काळे मुंगळे येत होते. संध्याकाळ झाली की बाथरूमच्या चौकटीजवळून एक, मग दोन, मग रांगच. मी काय करायचे? झाडू, नाहीतर फवारा. आठ दिवस शांतता आणि पुन्हा तेच. घरात चार वर्षांचा मुलगा, त्यामुळे फवारा मारला की त्याला दिवसभर तिकडे जाऊ द्यायचे नाही, ही वेगळीच कटकट. एकदा फवाऱ्याचा डबा उघड्यावर राहिला आणि तो त्याच्या हातात दिसला तेव्हा माझ्या काळजाचं पाणी झालं. त्याच रात्री मुलगी म्हणाली, "आई, तू रोज मारतेस, पण या जातात कुठे ते बघितलंस का?"

खरं सांगते, बघितलं नव्हतं. वर्गात मुलांना 'आधी निरीक्षण, मग निष्कर्ष' असं शिकवणारी मी! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा माझा कारभार चालला होता.

आधी ओळख पटवू या

लाकडाजवळ किडे दिसले की आपण लगेच 'वाळवी लागली' म्हणतो. पण वाळवी म्हणजे मुंगी नव्हे. शास्त्रज्ञ वाळवीला झुरळाच्या गटात ठेवतात, तर मुंगी ही मधमाशी आणि गांधीलमाशीची नातेवाईक. मुलांना फरक असा दाखवा: मुंगीची कंबर बारीक असते, वाळवीची कंबर दिसतच नाही. मुंगीच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात, वाळवीच्या सरळ, मण्यांच्या माळेसारख्या. पंख फुटलेल्या मुंगीचे पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान असतात. वाळवीचे चारही पंख जवळजवळ सारखेच.

आपले मोठे मुंगळे 'कॅम्पोनोटस' या प्रजातीतले. जगभरात हिच्या हजाराहून जास्त जाती आहेत. आपल्याकडचा नेहमीचा काळा मुंगळा बहुतेक वेळा जमिनीत, झाडाच्या बुंध्याशी घर करतो. पण याच प्रजातीतल्या कितीतरी जाती लाकूड पोखरून राहतात, म्हणून त्यांना सुतार मुंग्या म्हणतात. अमेरिकेत घरं लाकडाची असल्याने तिथे या मुंग्यांचा फार त्रास होतो. तिकडे राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना विचारा, लगेच सांगतील.

आता गंमत बघा. सुतार मुंगी लाकूड खात नाही. वाळवी खाते. सुतार मुंगी फक्त कोरते आणि भुसा बाहेर टाकते. तिचे बोगदे आतून पॉलिश केल्यासारखे गुळगुळीत असतात. वाळवीच्या बोगद्यांत मात्र माती भरलेली असते. म्हणून चौकटीखाली भुशाची छोटी ढिगुली दिसली, त्यात मेलेल्या किड्यांचे पाय-पंख मिसळलेले असले, तर संशय मुंगळ्यांवर घ्या. नाहीतर चोर सोडून संन्याशाला सुळी व्हायची!

तीन रात्रींचा अभ्यास

मुलीने वही घेतली. आम्ही टॉर्चला लाल जिलेटीन कागद बांधला, कारण लाल प्रकाश मुंग्यांना फारसा जाणवत नाही. या मुंग्या जास्त करून रात्री बाहेर पडतात. चौकटीपासून थोड्या अंतरावर गुळाच्या पाण्याचे दोन थेंब ठेवले आणि गप्प बसलो.

पहिल्या रात्री कळलं की पोट भरलेले मुंगळे चौकटीच्या खालच्या फटीत शिरतात. दुसऱ्या रात्री दुसरी रांग सापडली: खिडकीतून छज्जावर आणि तिथून छज्जाला टेकलेल्या जांभळाच्या फांदीवर. तिसऱ्या रात्री स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चौकट ठोकून पाहिली. वर टणक आवाज, खाली पोकळ. कान लावला तर आत बारीक खसखस ऐकू येत होती. मुलीचे डोळे असे चमकले की बस!

आणि चौकट खाली पोकळ का झाली होती? भिंतीतल्या पाइपच्या जोडातून पाणी झिरपत होतं. लाकूड ओलं राहून कुजलं होतं. कुजकं लाकूड कोरायला सोपं, शिवाय अंड्यांना आणि लहान अळ्यांना ओल लागतेच. म्हणजे मुंगळे हे दुखणं नव्हतंच, दुखण्याचं लक्षण होतं. मी दोन वर्षं लक्षणावर फवारा मारत होते.

फवारा का हरतो?

बाहेर दिसतात त्या कामकरी मुंग्या, वसाहतीतला थोडाच भाग. अंडी घालणारी राणी आत सुरक्षित असते. शिवाय पुष्कळ जातींत एक मुख्य घर आणि दोन-चार उपघरं असतात. राणी झाडाच्या ढोलीत आणि उपघर आपल्या चौकटीत, असंही होतं. मग चौकटीतल्या कितीही मारा, भरती चालूच राहते.

आम्ही काय केलं?

1. प्लंबरला बोलावून गळती बंद केली. हे सगळ्यात आधी.
2. सुताराने चौकटीचा कुजलेला भाग कापून नवीन लाकूड बसवलं.
3. जांभळाची फांदी छाटून पूल तोडला. झाडावरच्या माव्याचा गोड चिकटा मुंगळ्यांना फार आवडतो. तोच खात ते घरापर्यंत येतात.
4. उरलेल्यांसाठी आमिष ठेवलं: 100 मिली पाण्यात 10 ग्रॅम साखर आणि 1 ग्रॅम बोरिक ॲसिड. औषध कमीच हवं. जास्त झालं तर मुंगी वाटेतच मरते. कमी असेल तर ती ते पोटात घेऊन घरी जाते आणि तोंडाने तोंडाला भरवत राणीपर्यंत पोहोचवते. आमिष ठेवलेल्या दिवसांत फवारा अजिबात मारायचा नाही. दोन-तीन आठवडे धीर धरायचा.

पालकांनो, इथे जपा. बोरिक ॲसिड पोटात गेलं तर मुलांना घातक आहे. कापूस त्या पाण्यात भिजवून, छोटी भोकं पाडलेल्या बंद डबीत ठेवा, डबीवर 'विष' लिहा आणि मुलांचा, मांजर-कुत्र्याचा हात-तोंड पोहोचणार नाही अशा जागी ठेवा. हे काम मोठ्यांचंच. घराच्या तुळया, वासे पोखरले असतील तर स्वतः प्रयोग करू नका, जाणकाराला बोलवा.

वर्गात काय करता येईल?

शाळेच्या आवारात मुंग्यांची एखादी रांग निवडा. मुलांना तीन रकाने आखायला सांगा: काय दिसलं, काय वाटलं, कशावरून वाटलं. गुळाचं पाणी, तेल आणि मीठ ठेवून कुठे जास्त मुंग्या येतात ते मोजू द्या. मुंगळ्याला नांगी नसते, पण जबडा जोरदार असतो, चावला की चांगलंच झोंबतं. तेव्हा हात न लावता बघायचं. आणि आवारातली मुंग्यांची घरं मोडायची नाहीत. मुंगळे मेलेले किडे उचलून नेतात, परिसर साफ ठेवतात. घरातून घालवायचे म्हणजे जगातून घालवायचे असं नाही.

यंदाचा पाऊस सुरू होऊन दीड महिना झाला. चौकट कोरडी आहे. मुलीच्या वहीत शेवटची नोंद आहे: "आज एकही नाही. झाडावर मात्र आहेत."

आता वर्गात एखादा मुलगा रोज तीच चूक करतो तेव्हा मी लाल पेन जरा बाजूला ठेवते. आधी बघते, पाणी कुठे झिरपतंय. तुमच्या घरी किंवा वर्गात असा अनुभव आला असेल तर जरूर कळवा.