मंगळावरील पहिली छायाचित्रे

६ ऑगस्ट २०१२ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी, अमेरिकेतील पॅसाडीना येथील जेट प्रपल्शन प्रयोगशाळेत बहुप्रतीक्षित संदेश येऊन पोहोचला. ‘क्युरिऑसिटी’ ही सहा चाकांची, सुमारे ९०० किलोग्रॅम वजनाची स्वयंचलित गाडी मंगळावर सुखरूप उतरली होती. त्या वेळी मंगळ पृथ्वीपासून जवळजवळ २५ कोटी किलोमीटर दूर होता आणि हे अंतर कापण्यास रेडिओलहरींना सुमारे १४ मिनिटे लागत होती. वातावरणात शिरल्यापासून जमिनीला टेकेपर्यंतचा प्रवास मात्र अवघ्या ७ मिनिटांचा होता. अर्थात, अवतरण सुरू झाल्याची वार्ता पृथ्वीवर पोहोचण्यापूर्वीच गाडीचे भवितव्य ठरून गेले होते. वाट पाहण्यावाचून कोणाच्याही हाती काही उरले नव्हते.

मंगळाभोवती फिरणाऱ्या ‘ओडिसी’ या यानामार्फत काही मिनिटांतच पहिली छायाचित्रे आली. प्रयोगशाळेत अभियंत्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. न्यूयॉर्कच्या टाइम्स चौकात मध्यरात्र उलटून गेली असतानाही लोक भव्य पडद्यासमोर उभे राहून हा सोहळा पाहत होते.

या छायाचित्रांत होते तरी काय? ती कृष्णधवल आणि धूसर होती. निसर्गदृश्ये टिपण्यासाठी नव्हे, तर वाटेतील अडथळे ओळखण्यासाठी बसविलेल्या कॅमेऱ्यांनी ती घेतली होती. भिंगावरचे पारदर्शक झाकणही अद्याप उघडलेले नव्हते आणि त्याच्या कडेला धूळ दिसत होती. एका चित्रात गाडीचे चाक होते, तर दुसऱ्यात मंगळाच्या भूमीवर पडलेली गाडीचीच सावली. मंगळाविषयी त्यांतून नवे असे फारच थोडे कळत होते. परंतु गाडी पोहोचली आहे, याचा डोळ्यांना पटणारा पुरावा त्यांत होता. लोकांचा आनंद या पुराव्याचा होता.

अशा आनंदाच्या भरात चित्राचा अर्थ लावताना मात्र सावधगिरी हवी. १९७६ साली ‘व्हायकिंग-१’ने पाठविलेले पहिले रंगीत छायाचित्र घाईने प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात मंगळाचे आकाश पृथ्वीसारखे निळे दिसत होते. पुढे रंगांची काळजीपूर्वक पडताळणी करताच ते गुलाबीसर असल्याचे आढळले. पृथ्वीवर सवयीचा झालेला रंग माणसाने नकळत मंगळालाही देऊ केला होता.

क्युरिऑसिटीच्या छायाचित्रांचे खरे मोल काही आठवड्यांनी कळले. सप्टेंबर २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी एका खडकाची छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यात एकमेकांना चिकटून घट्ट झालेले गोटे दिसत होते. त्यांपैकी अनेकांच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. वाऱ्याने वाहून न्यावेत इतके ते लहान नव्हते. नदीच्या पात्रात दगड एकमेकांवर घासत जातात आणि गोल होतात, हे आपण नेहमीच पाहतो. त्यावरून या ठिकाणी फार पूर्वी घोट्यापासून कमरेपर्यंत खोल असा वेगवान प्रवाह वाहत असावा, असे अनुमान निघाले.

या गोट्यांसाठी मध्यरात्री कोणी चौकात जमले नव्हते. तथापि, ज्या प्रश्नाच्या उत्तरासाठी गाडी एवढ्या दूर पाठविली होती, त्याचे उत्तर याच चित्रांतून मिळू लागले. पहिल्या छायाचित्राने कुतूहल जागे झालेल्या वाचकाने म्हणूनच त्यापुढील छायाचित्रांचीही वाट पाहावी.