झऱ्याचे गणित

महाड व पोलादपूर तालुक्यांत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तरी वैशाखात डोंगरवाड्यांतील स्त्रियांना हंडे घेऊन दूर जावे लागते. मुलांना हे कोडेच वाटते. उत्तर पायाखाली आहे. काळ्या कातळात पाणी मुरते ते केवळ भेगांतून. बाकीचे उताराने सावित्रीस मिळून बाणकोटच्या खाडीवाटे समुद्रास जाते.

हा पाठ शिक्षकांनी शक्यतो झऱ्यावरच घ्यावा. १० लिटरांची कळशी ५ मिनिटांत भरली, तर दिवसाचे पाणी २,८८० लिटर. २०१९ च्या जल जीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटरांचे प्रमाण धरले. त्या हिशेबाने हा झरा ५२ माणसांस पुरेल. मात्र साठवणीस टाके नसेल, तर रात्रीचे सारे पाणी वाया जाईल. दर पंधरवड्यास हे माप घेऊन वर्गाच्या भिंतीवर मांडावे. झरा आटू लागल्याचे वेळीच कळेल आणि ग्रामसभेपुढे ठेवण्यास आकडे हाती राहतील.

पाणी किती हे कळले, तरी ते कोणास, हा प्रश्न उरतोच. महाडचे चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्ये केला. अस्पृश्य मानलेल्यांना पाणी मात्र मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सहकाऱ्यांसह ते प्राशन केले. उच्च न्यायालयाचा निकाल लागण्यास १९३७ साल उजाडले. म्हणून कळशा मोजताना झऱ्यावर कोणाची पाळी नेहमी शेवटी येते, हेही मुलांनी वहीत टिपावे.